सासऱ्यांचा लेथ

जिन्याखालच्या अडगळीची यादी सेक्रेटरींनी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फलकावर लावली. गिरगावातली ती इमारत पुनर्विकासाला जायची होती. दसऱ्यानंतर आठ दिवसांत जिना मोकळा हवा होता, तेव्हा ज्याचं जे असेल ते त्याने उचलावं, असा त्या यादीचा मतलब. सहाव्या क्रमांकावर बिनपायांचं कपाट होतं, आठव्यावर कुणाच्या तरी मुंजीतली पातेली, आणि मध्ये सातव्यावर 'श्री. मनमोहन धैर्यवान यांचे गंजके लोखंड'.

मनमोहनरावांना राग आला तो 'गंजके' या शब्दाचा. छत्तीस वर्षं विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात काढलेला माणूस तो. जळून कोळसा झालेल्या गोदामालाही त्यांनी कधी 'जळके' म्हटलं नव्हतं, 'आगीने बाधित' म्हटलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढून 'गंजके लोखंड' खोडलं, वर 'जुने यंत्र, सुट्या भागांत' असं लिहिलं, बाजूला सही करून तारीख घातली, आणि मग तीन मजले चढून बायकोला म्हणाले की ते जिन्याखालचं भंगार आता विकून टाकू या.

बेबी भेंडी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"विका," ती म्हणाली. आणखी दोन भेंड्या चिरून झाल्यावर म्हणाली, "बाबांनी तीनदा बोलावलं होतं तुम्हांला. मशीन चालू असताना बघायला या म्हणून. तिन्ही वेळा तुम्ही येतो म्हणालात."

एवढंच. ना रडणं, ना भांडी आपटणं. भेंडी चिरून झाली, फोडणीला पडली, जेवणात आली आणि चांगली झाली होती. पण मनमोहनरावांना त्या दुपारी झोप लागली नाही, आणि निवृत्त माणसाची दुपारची झोप मोडणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता त्या लोखंडाविषयी. बेबीच्या वडिलांचा चिंचपोकळीला, रेल्वेच्या भिंतीला लागून, छोटा कारखाना होता. सगळे त्यांना भाई म्हणत. कचेऱ्यांत आणि कोर्टात आयुष्य काढणाऱ्या पाठारे प्रभूंच्या ज्ञातीत हा एकच गृहस्थ तेलाने काळे झालेले हात घेऊन लग्नकार्यात यायचा. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला टोकदार हत्याराने आकार देण्याचं यंत्र. भाईंकडे असे चार मोठे लेथ होते आणि एक लहान, टेबलावर मावेल असा, पण उचलायला चार माणसं लागतील असा. कारखाना बंद पडला त्या वर्षी हा लहान लेथ हातगाडीवरून मनमोहनरावांच्या दारात आला. सासऱ्यांनी जावयाला आठवण म्हणून पाठवला असणार, असं मनमोहनरावांनी तेव्हाच ठरवलं आणि तो जिन्याखाली ठेववला. त्याला छत्तीस वर्षं झाली. भाई जाऊन चौतीस.

चहाच्या वेळेपर्यंत मनमोहनरावांचा निश्चय झाला होता. हा लेथ ते स्वतःच्या हाताने साफ करणार, गॅलरीत उभा करणार, आणि दसऱ्याच्या दिवशी तो चालू करून बेबीला त्याचा आवाज ऐकवणार. मग ती ते 'तीनदा' मागे घेईल. तिने बोलून दाखवायला पाहिजे असं नाही, नुसती मान हलवली तरी चालेल. बाकी काही नको होतं. सव्वीस दिवस हाताशी होते आणि विमा कंपनीत सव्वीस दिवसांत त्यांनी बोटी बुडाल्याचे दावे निकालात काढले होते.

पहिल्याच दिवशी लेथ जिन्यात अडकला. चार हमाल बोलावले होते. लेथचा बेड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं सरकतं तो लांब पाट, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असा रुतला की ना वर, ना खाली. बेबी वरून डोकावून म्हणाली की टोकाचा टेलस्टॉक आधी काढून घ्या, वजनही कमी होईल आणि वळेलही. मनमोहनरावांनी तिला आत जायला सांगितलं, पायावर पडलं तर केवढ्याला पडेल. मग दीड तास जिना बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या राधाकाकू मासे घेऊन आल्या होत्या, त्यांना बेडवर पाय टाकून पलीकडे जावं लागलं, आणि जाताना पापलेटांच्या पिशवीतलं पाणी बरोबर त्या लोखंडावर ठिबकलं. शेवटी हमालांतला म्हातारा म्हणाला, हे टोकाला लटकलेलं काढलं तर जाईल साहेब. ते काढलं. पाच मिनिटांत बेड वर गेला. मनमोहनरावांनी त्या हमालाच्या बुद्धीची तारीफ संध्याकाळी बेबीजवळ दोनदा केली.

आता इमारतीत सल्ल्यांचा सुकाळ झाला. बिऱ्हाडं सोडायची म्हणून सगळे घरोघर खोकी भरत बसलेले, मनं उदास झालेली. अशा वेळी दुसऱ्याच्या घरात काही बिघडलेलं बघायला मिळालं की माणसाला बरं वाटतं. राधाकाकूंचं म्हणणं, साठ वर्षं पितळ घासतेय, कोकमाच्या आगळासारखं औषध नाही. रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी सोनं. पहिल्या मजल्यावरच्या दुर्गा मॅडम शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी कागदावर सूत्र मांडून दाखवलं आणि सोड्याच्या पाण्यात बॅटरीची वायर सोडायला सांगितलं. ती वायर धरायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. सेक्रेटरी सौमित्र प्रधान हे चाळीशीचे, उत्साही गृहस्थ. त्यांनी सल्ला दिला नाही, सूचना दिली: गॅलरीत जड वस्तू ठेवल्याने काही घडल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. खाली त्यांची सही होती आणि शिक्का होता. मनमोहनरावांना ती सूचना भाषेच्या दृष्टीने आवडली.

त्यांनी कोकमाचा मार्ग धरला. प्रभूंच्या घरात कोकम हुकमी सापडतं, वायरीचं तसं नाही. हँडलच्या मागे एक बोटभर जाडीची चकती होती, तिच्या कडेला बारीक बारीक रेघा कोरलेल्या. ती आधी घेतली. बेबी ताटं मांडता मांडता म्हणाली की त्या चकतीवर रेघा आहेत, त्या जातील. मनमोहनराव हसले. गंज जाणार, रेघा कशा जातील, रेघा तर लोखंडातच कोरलेल्या आहेत. चकती आगळात गेली आणि तिथे राहिली, कारण दुसऱ्या दिवशी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा धरला. पाचव्या दिवशी आठवण झाली. चकती बाहेर काढली तेव्हा गंज गेला होता हे खरं. रेघाही गेल्या होत्या. चकती पेपरमिंटच्या गोळीसारखी गुळगुळीत आणि थोडी लहान झाली होती. त्या रेघांवरून, हँडल किती फिरवलं म्हणजे हत्यार केसभर सरकलं, हे लेथ चालवणाऱ्या टर्नरला कळतं. हे मनमोहनरावांना नंतर समजलं. त्या वेळी त्यांनी ती चकती पंचाने पुसून, चमकतेय बघ कशी, म्हणून बेबीपुढे धरली. बेबीने ती हातात घेतली, अंगठ्याने कडेवरून एकदा फिरवून बघितली आणि परत दिली.

"लहूला बोलवा," ती म्हणाली.

लहू तांडेल भाईंकडे टर्नर होता. आता सत्तरीला आलेला, कफ परेडच्या मच्छीमार नगरात बोटींच्या इंजिनांची कामं करायचा. त्याचा नंबर बेबीच्या फोनमध्ये होता. का होता, हे विचारावं असं मनमोहनरावांना सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखालून वाकत वाकत त्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचले. लहूने त्यांना उलट्या डब्यावर बसवलं, चहा मागवला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. चकतीचा भाग आला तेव्हा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बेबीताय हाय ना घरी?" त्याने विचारलं.

"हो, हो. तब्येत उत्तम आहे," मनमोहनराव म्हणाले. "गुडघे जरा धरतात."

"मंग मना कनाला शोधत आलाव साहेब?"

मनमोहनरावांना वाटलं, कोळी माणूस, विनयाने बोलतोय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की असं नाही लहू, तुझ्यासारखा जाणकार आता कुठे मिळतो. लहूने चहा संपवला. मग त्याने कृती सांगितली. सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, ब्रशने घासायचे, पुसून लगेच ग्रीस लावायचं. उघडं लोखंड समुद्राच्या गावात एक दिवसही ठेवायचं नाही. आणि पाणी, साहेब, पाणी दाखवायचंसुद्धा नाही. जुळवायला तो स्वतः दसऱ्याला दुपारी येईल.

रॉकेल ही वस्तू आता मुंबईत फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे. रेशनच्या दुकानात मनमोहनरावांनी शिधापत्रिका पुढे केली तेव्हा दुकानदाराने ती उलटसुलट करून बघितली आणि गल्ल्यावरच्या आपल्या सुनेला बोलावून दाखवली. शेवटी लहूनेच डिझेलचा एक कॅन दिला. तो घेऊन मनमोहनराव बसमध्ये चढले आणि पुढच्याच थांब्यावर कंडक्टरने त्यांना उतरवलं. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला भर बसमध्ये, काका, आग लावायला निघालात का, असं विचारावं, याचं दुःख त्यांना आग लागण्यापेक्षा जास्त झालं. टॅक्सीवाल्यांनी वासावरूनच माना हलवल्या. चर्चगेटपर्यंत ते कॅन घेऊन चालत आले, आणि तिथून पुढेही चालतच.

बुडवायला भांडं हवं होतं. माळ्यावर बेबीच्या लग्नातलं पितळी घंगाळ होतं, ते काढलं. एवढं मोठं दुसरं काही नव्हतं. बेबीने दारातून पाहिलं आणि ती देवळात निघून गेली.

चार दिवस घरात, जिन्यात आणि समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत डिझेलचा वास होता. पण काम झालं. हे मात्र सांगायला हवं, कारण मनमोहनरावांना हसणं सोपं आहे. बहात्तराव्या वर्षी हा माणूस सकाळी सातला गॅलरीत पाटावर बसायचा आणि एकेका खाचेतून काडीला चिंधी गुंडाळून घाण काढायचा. नखं काळी झाली. कंबर धरली. दहाव्या दिवशी बेडच्या एका टोकाला, गंजाच्या पापुद्र्याखालून, बोटभर जागेत राखाडी, थंड, स्वच्छ लोखंड दिसलं, तेव्हा ते कितीतरी वेळ नुसता त्यावर हात ठेवून बसले होते. बेबी चहा घेऊन आली होती. तिनेही कप खाली ठेवून तिथे एक बोट लावलं.  मनमोहनरावांच्या मनात आलं, हलतंय. मान हलायच्या बेतात आहे.

नेमका त्याच दिवशी प्रधानांचा दुसरा कागद आला. निवासी जागेत यंत्र चालवायचं तर संबंधित कार्यालयाची परवानगी दाखवावी. मनमोहनरावांच्या अंगात जुनं रक्त सळसळलं. कागदाला कागदाने उत्तर, यात त्यांचा हात कोण धरणार. त्यांनी कचेरीत जाऊन अर्ज मागितला. खिडकीतल्या बाईंनी आधी विचारलं की यंत्र चालू आहे का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग परवानगी कसली, बंद यंत्राला परवानगी लागत नाही, चालू झालं की या. चालू करायलाच परवानगी हवी आहे, असं मनमोहनरावांनी समजावलं. बाईंनाही ते पटलं, पण त्यांच्याकडे तसा अर्ज नव्हता. जो होता तो कारखान्याचा होता. मनमोहनरावांनी तोच सुवाच्य अक्षरात भरला. यंत्राचा मालक: मनमोहन दिनानाथ धैर्यवान. यंत्र चालवणारे कामगार: पुरुष एक, स्त्रिया शून्य. उत्पादनाचं स्वरूप या रकान्यात त्यांनी पुष्कळ विचार करून 'कौटुंबिक' असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून मनमोहनरावांकडे पाहिलं, आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. तो शिक्का प्रधानांना पुरला.

नवमी उजाडली. बेबी आदल्या संध्याकाळीच देविकाकडे, लेकीकडे, पार्ल्याला गेली होती. घरात मनमोहनराव एकटे आणि गॅलरीत पाटावर ओळीने मांडलेले ते सगळे भाग, ग्रीसने माखलेले, काळपट. उद्या लहू येऊन जुळवणार. आज खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. भाईंच्या कारखान्यात हा दिवस दणक्यात व्हायचा, असं बेबी सांगायची. मनमोहनरावांच्या मनात आलं, आपण पूजा करून ठेवावी. बेबी परत येईल तेव्हा तिच्या बाबांचा लेथ हार घालून उभा असेल.

पण ग्रीस लावलेल्या वस्तूला कुंकू लावायचं कसं? त्यांच्या घरात देवाची वस्तू स्वच्छ केल्याशिवाय पूजेला घेत नसत. त्यांच्या आईने तर एकदा नवीन शिलाई मशीनला न्हाऊ घातलं होतं. लहूचं बोलणं त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते कामाच्या दिवसांचं बोलणं होतं, असं त्यांनी धरलं. हा सणाचा दिवस, आणि पाणी काही देवाच्या कामात अपाय करत नाही.

त्यांनी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुतले. दोनदा धुतले, वास जाईपर्यंत. लोखंड असं लखलखलं की त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. मग बेडवर यथासांग पंचामृताचा अभिषेक केला. दूध झालं, दही झालं, तूप, मध, साखर. वरून तांब्याभर पाणी. हळद, कुंकू, अक्षता, आणि दादरहून आणलेला झेंडूचा टपोरा हार, पाण्यात बुडवून, म्हणजे उद्यापर्यंत ताजा राहील. फुलं सुकू नयेत म्हणून सगळ्यावर ओला पंचा घातला. हात जोडले. डोळे मिटून म्हणाले, भाई, उशीर झाला, पण आलो.

दसऱ्याला सकाळी बेबी आली. मनमोहनरावांनी तिला गॅलरीच्या दारातच अडवलं आणि कापड दुपारपर्यंत उचलायचं नाही म्हणून बजावलं. तिने लांबूनच पंचाच्या टोकाला हात लावला.

"हे ओलं आहे," ती म्हणाली.

"कळेल," मनमोहनराव म्हणाले. असं गूढ हसण्याची संधी त्यांना आयुष्यात फार वेळा मिळाली नव्हती.

"अहो, हे ओलं का आहे?"

ते उत्तर न देता आपट्याची पानं आणायला खाली गेले. बेबीने कापड उचललं नाही. नवऱ्याचं एवढं चाललंय तर बघू द्यावं, असं तिला वाटलं असेल, किंवा आता उचलून काय फरक पडणार, असंही.

चारला सगळे जमले. राधाकाकू, दुर्गा मॅडम, प्रधानसुद्धा, कारण मनमोहनरावांनी त्यांना लेखी आमंत्रण दिलं होतं. लहू नवा पांढरा शर्ट घालून, पाने-हातोडीची पिशवी खांद्याला लावून आला. मनमोहनरावांनी दोन वाक्यं बोलायची तयारी केली होती, पैकी एक बोलले आणि पंचा उचलला.

हार जिथे जिथे टेकला होता तिथे तिथे लोखंडावर झेंडू उमटला होता. एकेक पाकळी. शेंदरी, दाट, रवाळ गंजाची फुलं, बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दही साचलेल्या खाचा काळ्या पडल्या होत्या. पंचालाही नारिंगी डाग होते.

"कुंकू जरा जास्त झालंय का?" राधाकाकूंनी विचारलं.

दुर्गा मॅडमनी यात आम्ल कुठलं आणि क्षार कुठला ते हळू आवाजात सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. प्रधानांनी कुठलीही सूचना काढली नाही. हा त्यांचा मोठेपणा.

लहू गुडघ्यावर बसला. खाचेत बोट घालून त्याने वास घेतला.  त्याने मान वळवून बेबीकडे बघितलं.

"ताय, तू घरात असून असं कसं झालं गं?"

मनमोहनराव पुढे आले. त्यांनी सांगितलं की चूक सर्वस्वी आपली आहे, बेबीला यातलं काय कळणार, तिला बोलू नकोस. लहूने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी भर दिवसा रात्र आहे म्हटलं.

"साहेब, हा लेथ तिचाच हाय. भाईंनी तिला घेतला होता. आमाला हात लावायची बंदी. शिलाई मशीनचं बुशिंग करायची ती, दांडा फिरतो ती कडी, बारीक काम, आमच्या हातचं दहात दोन परत यायचे. तायचं कधी एक परत नाय आलं. तीन वर्सं चालवला तिने, लगीन होईपर्यंत."

 खालून कुणीतरी सोनं घ्या, सोनं घ्या म्हणत जिना चढत होतं.

मनमोहनरावांना आठवला तो मुलगी बघण्याचा दिवस. त्यांच्या काकांनी विचारलं होतं की मुलीला भरतकाम, विणकाम काय येतं. भाई म्हणाले होते, ती लेथ चालवते, माझ्यापेक्षा बरी. आणि सगळी बैठक हसली होती. होणारे व्याही गमत्ये आहेत म्हणून सगळ्यांना बरं वाटलं होतं. मनमोहनराव तर सगळ्यांत जास्त वेळ हसले होते, सासऱ्यांना आवडावं म्हणून. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी तेवढी हसली नव्हती. लाजते आहे, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. चालू असताना बघायला या, असं भाई त्यानंतर म्हणाले होते. कोण चालवत असताना, ते आता कळलं.

सगळे गेल्यावर, लहू डिझेलने बेड पुसत असताना, त्यांनी बेबीला विचारलं. 

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. हातगाडी आली त्याच दिवशी. म्हटलं, हा माझा आहे, गॅलरीत ठेवू या." बेबी पंचा पिळत होती. "तुम्ही म्हणालात, मग कपडे कुठे वाळत घालायचे."

मनमोहनरावांना हे मुळीच आठवत नव्हतं. हातगाडीवाल्याशी झालेली हुज्जत आठवत होती, त्या दिवशी ऊन होतं तेही आठवत होतं. हे वाक्य तेवढं आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे याविषयी त्यांना शंका आली नाही. हुबेहूब आपलं होतं.

लहूने सरकता भाग बेडवर चढवला, हँडल बसवलं आणि उठून बाजूला झाला. बेबीने पदर खोचला. खाली वाकायला तिला गॅलरीच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला, पण हात मात्र विचारावं न लागता जिथे जायचा तिथे गेला. डावा तळवा बेडवर सपाट, उजवा हँडलवर, अंगठा बाहेर. तिने हँडल फिरवलं. भाग वीतभर सरकला, किरकिरला, पुढे गेला, पुन्हा किरकिरला. ती डोळे मिटून तळव्याने ऐकत होती. मनमोहनरावांनी आपल्या बायकोचं हे तोंड याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं की ते पाहायला चिंचपोकळीपर्यंत जावं लागलं असतं, एवढंच. गिरगावातून अर्धा तास.

"दोन ठिकाणी खड्डा पडलाय," बेबी म्हणाली.

"तीन," लहू म्हणाला. "फिरंल, पन खरं काम नाय व्हायचं आता."

"मग तू घेऊन जा. भाड्याच्या जागेत कुठे ठेवणार. तुला बोटीच्या कामाला जे चालेल ते वापर, उरेल ते मोड."

तिने हे असं सांगितलं, जणू सोफ्याचं कव्हर कुठलं टाकायचं ते सांगतेय. मनमोहनराव काहीतरी बोलायला गेले. त्यांना म्हणायचं होतं की थांब, अजून आठ दिवस आहेत, मी पुन्हा घासतो, नीट घासतो, तू सांगशील तसं. पण लहूने हो ताय म्हटलं होतं, आणि त्या दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याला कुठे शिरायचं ते त्यांना समजेना. लहूने लहान भाग पिशवीत भरले, बेडसाठी उद्या टेंपो आणतो म्हणाला, बेबीच्या हातात आपट्याची दोन पानं ठेवून वाकून नमस्कार केला आणि गेला.

अंधारून येत होतं. बेबी साबणाने कोपरापर्यंत हात धूत होती. मनमोहनराव मोरीच्या दाराशी उभे राहिले. सव्वीस दिवसांत त्यांनी राधाकाकूंना विचारलं होतं, दुर्गा मॅडमना, हमालांना, रेशनवाल्याला, खिडकीतल्या बाईंना विचारलं होतं. आता त्यांनी विचारलं:

"काय काय करायचीस गं तू त्याच्यावर? बुशिंगशिवाय."

बेबीने नळ बंद केला. टॉवेलला एकेक बोट पुसलं. ती विचार करत असावी, कारण तेच बोट तिने दोनदा पुसलं.

"आता नाही आठवत," ती म्हणाली, आणि ओव्हनमधलं भानोलं बघायला स्वयंपाकघरात गेली.

तिला खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून मनमोहनरावांना ओळखता येईना. कुणाला तरी विचारून घ्यावं म्हणून ते गॅलरीत आले आणि कठड्यावरून खाली वाकले. पण लहू केव्हाच रस्ता ओलांडून गर्दीत दिसेनासा झाला होता.